चार हिरवे तुकडे

बर्नी, टास्मानिया
सोमवार, ६ नोव्हेंबर २०२३

प्रिय टीगन,

तुझ्याकडे एव्हाना उकडायला लागलं असेल. इथे अजून सकाळी स्वेटर लागतो. आज सुट्टी आहे, वाचनालय बंद, म्हणून निवांत बसून लिहिते आहे. तू म्हणशील, फोन का करत नाहीस. फोनवर तू माझी वाक्यं पूर्ण करतेस, आणि मी जे म्हणणार होते त्यापेक्षा चांगली करतेस. मग मला माझं काही सांगताच येत नाही. कागदावर तरी शेवटपर्यंत मीच असते.

आईची तब्येत ठीक आहे. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीत. उजव्याचं नंतर बघू म्हणतात. तिकीट आलंय, चौदा डिसेंबरला लॉन्सेस्टनहून निघेल. ती तुझ्याकडे काय काय घालायचं याची यादी करते, फाडते, पुन्हा करते.

शनिवार-रविवारी आमच्या प्लास्टिकच्या विटा जोडून मॉडेलं बांधणाऱ्या मंडळाचं प्रदर्शन झालं, दरवर्षीसारखं पेंग्विन गावातल्या सभागृहात. मर्व्हने रेल्वेचं स्टेशन केलं होतं. चाळीस वर्षं सिग्नल पाडले, तरी निवृत्तीनंतरही स्टेशनच. पण गर्दी होती ती आईच्या टेबलाशी. तुझ्या घराशी. फ्रीमँटलचं तुझं घर, तू पाठवलेल्या फोटोंवरून, पुढचा व्हरांडा, वरची लोखंडी जाळी, दारातलं ते जांभळ्या फुलांचं झाड. त्या झाडासाठी तिने जांभळे तुकडे कुठून कुठून मागवले, तुला सांगितलं असेलच. सात महिने ती त्यावर होती. प्रत्यक्षात एकदाही न पाहिलेल्या घरावर.

खरंच सुंदर झालं होतं. हे मी मनापासून लिहिते आहे. मनापासून आहे ना, हे दोनदा तपासून लिहिते आहे.

दोन गोष्टी घडल्या, त्या तुला कळायला हव्यात. एक म्हणजे, छपराच्या पत्र्यात दोन राखाडी मिसळल्या होत्या. तुला आठवत असेल, वीसेक वर्षांपूर्वी विटांचा राखाडी रंग बदलला. जुनी राखाडी जरा पिवळट, नवी निळसर. घरातल्या दिव्याखाली फरक फारसा दिसत नाही, पण सभागृहातल्या पांढऱ्या दिव्यांखाली छपराची एक बाजू आजारी दिसत होती. होबार्टहून आलेली एक बाई, गळ्यात कॅमेरा, आईला म्हणाली, "हे मुद्दाम केलंय का? जुना पत्रा दाखवायला?"

आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

मर्व्ह बिचारा मदतीला धावला. "हो तर! गंज दाखवलाय तिने."

"गंज लाल असतो, मर्व्ह," आई म्हणाली.

कप्प्यांमध्ये कुठेतरी राखाडी मिसळली गेली असणार. असं होतं कधीकधी.

दुसरी गोष्ट. आमची पद्धत तुला माहीत आहे. रविवारी पाच वाजता सगळी मॉडेलं तिथेच मोडायची, तुकडे आपापल्या कप्प्यांत परत. मंडळ सुरू झालं तेव्हापासून हा नियम आईचाच. "मॉडेलचं आयुष्य दोन दिवस, विटेचं आयुष्य कायमचं," हे तिचं भाषण आम्हाला पाठ आहे. पाच वाजले आणि मर्व्ह टेबलावर हात आपटून ओरडला, "चल वॅल, मोड की तुझा महाल!"

आई म्हणाली, "हे मोडायचं नाही. हे टीगनकडे जायचंय."

मर्व्ह म्हणाला, "नियम मोडला म्हणायचं की घर मोडलं नाही म्हणायचं?" आणि हसण्यात ते निघून गेलं.

छप्पर तेवढं काढून एका राखाडीत नव्याने करायचं आहे. आईचे डोळे असे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. घर माझ्या गाडीतून माझ्याकडे आणलंय, जेवणाच्या टेबलावर आहे. छप्पर झालं की खोक्यात भरून आईबरोबर पाठवते. काळजी करू नकोस.

तुझी,
नॅरेल


बर्नी
रविवार, १९ नोव्हेंबर

प्रिय टीगन,

तुझे तिन्ही निरोप मिळाले. घराचा फोटो मागितलास. मी पाठवणार नाही, कारण आईला तुझा चेहरा बघायचा आहे खोकं उघडताना. तिची मजा कशाला घालवा. हे कारण मला लिहिताना सुचलं, पण खोटं नाही.

छपराचं काम चाललंय.

मर्व्हने गुरुवारी विचारलं, "अजून छप्पर? एवढ्यात मी खऱ्या घराचं केलं असतं." मी म्हटलं, तुझ्या स्टेशनावरची गाडी वीस वर्षांत एकदाही वेळेवर आली नाही, तू बोलू नकोस. तो खूश झाला. त्याच्याशी असं बोलणारं कुणी घरी उरलं नाही ना.

रात्री झोप लागत नाही असं काही नाही, पण डायरी लिहिताना हात थांबतो. मी रोज लिहिते, तुला माहीत आहे, तू त्यावरून मला चिडवायचीस. आठ तारखेच्या पानावर फक्त दोन शब्द आहेत. छप्पर काढलं. बाकी पान कोरं. इतकं कोरं पान माझ्या डायरीत आजारपणातही नाही.

तुला एक विचारायचं होतं. तुझ्या घरात मागच्या बाजूला जी खोली आहे, कपडे धुण्याच्या यंत्राची, ती अजून तशीच आहे ना? तिथे काही बदल करणार आहेस का? सहज विचारते.

तुला २०११ मधलं प्रदर्शन आठवतं? आठवणार नाही, तू पर्थला होतीस. त्या वर्षी आईने माझं वाचनालय केलं होतं. मी नुकतीच तिथे मुख्य झाले होते. परत आलेल्या पुस्तकांची गाडी, खिडकीतली सुकलेली कुंडीसुद्धा. मी दोन दिवस त्याच्या शेजारी उभी होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, हे माझं. रविवारी पाच वाजता आईने नारिंगी उचकटणी माझ्या हातात दिली. विटा सुट्या करायचा तो चपटा तुकडा गं, आपण लहानपणी ज्याच्याऐवजी दात वापरायचो आणि मार खायचो. ती म्हणाली, "चल, बस." आणि मी बसले. वरून सुरुवात केली. छप्पर, मग भिंती, मग आतलं. रंग बघायचा, कप्प्यात टाकायचा. आई चहा ओतत होती, मी तिला वाचनालयातले किस्से सांगत होते, आम्ही दोघी हसत होतो. तासाभरात माझं वाचनालय अठ्ठावीस कप्प्यांत गेलं. पुढच्या वर्षी त्याच विटांचं तिने बंदर केलं.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही. हे मी आत्ता पुन्हा पुन्हा विचारून बघितलं, आणि नाही वाटलं. उलट वर्षातला तो तास माझा सगळ्यात आवडता. बांधताना आईला कुणी जवळ चालत नाही, तुला माहीत आहे. तोंडात टाचणी धरल्यासारखी गप्प असते. मोडताना मात्र ती बोलते. बाबा गेले तेव्हाचं, तिच्या आईचं, पेपरमिलमधल्या बायकांचं, सगळं मी मोडतानाच ऐकलं.

म्हणजे आपल्या दोघींत वाटणी झाली होतीच. तुला तिचे फोटो आणि फोन आणि कौतुक. मला मोडणं. लहानपणी ती यायच्या-जायच्या माणसांना सांगायची, "टीगनच्या हातात बांधणं आहे, नॅरेलच्या हातात शिस्त." तू सात वर्षांची असशील. मी कप्पे लावायला लागले ते त्या वाक्यापासून. मला वाटलं, शिस्त तर शिस्त, पण ती माझी. चाळीस वर्षांच्या बाईने हे लिहू नये, आणि मी तर शेहेचाळीसची आहे.

तर या वर्षी पाच वाजता मी उचकटणी खिशात घेऊन उभी होते. चहाचा थर्मास भरून आणला होता. आणि आई म्हणाली, हे मोडायचं नाही.

असो. खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक केले होते, मर्व्हने सहा खाल्ले. डब्यात घालून तुला पाठवता आले असते तर पाठवले असते.

छप्पर होईल.

नॅरेल


बर्नी
शनिवार, २ डिसेंबर

टीगन,

हे पत्र आई पोचायच्या आत तुला मिळायला हवं, म्हणून दुपारीच टपालात टाकणार आहे. आधीच्या दोन पत्रांत मी एकही धडधडीत खोटं लिहिलं नाही. आज दोन्ही पुन्हा वाचली (मी नकला ठेवते) आणि लक्षात आलं की त्यांत एकही गोष्ट खरी नाही.

तुझं घर मी मोडलं.

छप्पर नाही. घर. सगळं. आठ नोव्हेंबरला, बुधवारी, अर्धी रजा घेऊन, एका दुपारीत. पायाच्या पाटीपर्यंत. तुझ्याकडे जे खोकं येणार आहे त्यात पारदर्शक पिशव्या आहेत, रंगाप्रमाणे लावलेल्या.

कसं झालं ते क्रमाने सांगते. क्षमा मिळावी म्हणून नव्हे. क्रमाने सांगितल्याशिवाय मलाच कळत नाही म्हणून.

छप्पर काढायचं कामच होतं. मी उचकटणी घातली, पत्र्याचे तीन भाग उचलले, आणि आत बघितलं. तोपर्यंत आत काय आहे हे मी पाहिलंच नव्हतं, आईने छप्पर बसवूनच मला दाखवलं होतं. तुझं स्वयंपाकघर होतं. तुझी पुस्तकं. आणि मागे, जिथे तुझं कपड्यांचं यंत्र आहे, तिथे यंत्र नव्हतं. तिथे एक खिडकी होती, खिडकीशी हिरवी खुर्ची होती. आईची. तिच्या काचेच्या खोलीतली ती हिरवी खुर्ची, जिचा एक हात बाबांनी चिकटवलाय आणि पुन्हा निघालाय. चार तुकड्यांत केलेली, आणि एक हात जरा तिरका बसवलेला. ओळखू न येणं शक्यच नव्हतं.

मी उभी राहिले. मला वाटलं, म्हणजे ठरलंय. ही सुट्टीला जात नाहीये. या दोघींनी ठरवलंय, खोलीही ठरली आहे, खुर्ची कुठे ठेवायची तेही, आणि मला सांगायचं राहिलंय. तीन गल्ल्यांवर मी राहते. तिच्या औषधांच्या डबीवर वार मी लिहिते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी नेते. आणि तिने स्वतःला तुझ्या घरात बांधलं.

मग मी खुर्ची उचलली. सुटी केली. चार हिरवे तुकडे. तिथे थांबता आलं असतं. मी सांगू शकत नाही की मला भान नव्हतं. भान होतं, मी रेडिओवरच्या बातम्यासुद्धा ऐकत होते. पुढची भिंत काढताना मला बरं वाटत होतं. व्हरांड्याची जाळी काढताना तर फारच. तुझं जांभळं झाड मी सगळ्यात शेवटी घेतलं, एकेक फूल. मी ते सगळं नीट केलं, एकही तुकडा तुटला नाही, एकही हरवला नाही, आणि मला वाटतं हेच त्यातलं सगळ्यात वाईट. रागाच्या भरात जमिनीवर आपटलं असतं तर तुला सांगायला सोपं गेलं असतं.

पाच वाजता घर टेबलावर ओळीने मांडलेलं होतं. चहा मी एकटीच प्यायले.

पुढचे दोन आठवडे तू फोटो मागत होतीस आणि मी पुन्हा बांधायचा प्रयत्न करत होते. माझ्या फोनमध्ये बाहेरून काढलेले चार फोटो आहेत. व्हरांड्यापर्यंत आले. टीगन, मला येत नाही. मी पन्नास मॉडेलं मोडली असतील, पण कुठली वीट कशाला धरून होती हे मी कधी बघितलंच नाही. मी फक्त रंग बघितला. एक कोपरा तीन वेळा उभा केला, तीन वेळा आडवा झाला. शेवटी तेही सुटं करून पिशव्यांत भरलं आणि खोकं चिकटपट्टीने बंद केलं. काय करणार होते मला माहीत नाही. बहुतेक आईला तुझ्या समोर खोकं उघडू देणार होते.

परवा गुरुवारी आई आली. पत्त्याची चिठ्ठी तिला स्वतःच्या अक्षरात लिहायची होती. मी स्वयंपाकघरात किटली लावत होते. चिठ्ठी चिकटवायला सोयीचं व्हावं म्हणून तिने खोकं आपल्याकडे ओढलं.

तुला तो आवाज माहीत आहे. बांधलेलं मॉडेल हलवलं तर दबका, एकच आवाज येतो, कपाट सरकवल्यासारखा. सुट्या विटांचा वेगळा. सगळ्या आयुष्यात तिने दुसरा कुठलाही आवाज इतका ऐकलेला नाही.

मी बाहेर आले तेव्हा ती खोक्यावर हात ठेवून बसली होती.

"छप्पर वेगळं भरलंस का गं?"

"हो."

"आणि भिंती?"

मी हातातला कप टेबलावर ठेवला.

"सगळं?"

"सगळं."

"किती वेळ लागला?"

"एक दुपार."

"एक दुपार," ती म्हणाली. "मला सात महिने लागले." मग अगदी कामाच्या सुरात, "रंगाप्रमाणे लावलंस?"

"हो."

"राखाडी?"

"वेगवेगळी. या वेळी नीट."

"या वेळी," आई म्हणाली.

आता ती राखाडीची गोष्ट. 'कप्प्यांमध्ये कुठेतरी राखाडी मिसळली गेली असणार', असं मी तुला लिहिलं. कप्पे मी लावते. ऑगस्टमध्ये जुन्या राखाडीच्या कप्प्याची मूठ तुटली, म्हणून मी त्यातल्या विटा नव्याच्या कप्प्यात ओतल्या. सवडीने वेगळ्या करू म्हटलं. मग एक दिवस आई त्यातून मूठभर घेत होती. तिने मला विचारलं, "ही सगळी एकच ना गं? मला हल्ली कळत नाही." आणि मी म्हटलं, हो.

का म्हटलं? कंटाळा होता हे खरं. 'थांब, वेगळी करून देते' म्हटलं असतं तर माझी संध्याकाळ गेली असती हेही खरं. पण ती तुझं छप्पर करत होती, हे मला माहीत होतं. मी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. मी मुद्दाम केलं नाही असं मात्र मी लिहू शकत नाही. परवापासून या दोन वाक्यांच्या मध्ये बसून आहे.

मी आईला हे सगळं सांगितलं. तशीच उभी राहून.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"काय कळलं होतं?"

"डोळे गेलेत माझे, बोटं गेली नाहीत. जुन्या राखाडीची पकड सैल झालीय, वर्षानुवर्षं आपण काढ-घाल करतोय तिची. बसवताना बोटाला कळतं. मी दोनदा थांबले होते. पण तू हो म्हणाली होतीस ना."

टीगन, मला तिने थोबाडीत मारली असती तर चाललं असतं.

मी म्हटलं, "तू तिच्याकडे राहायला जाणार आहेस का?"

"कोण? मी?"

"तुझी खुर्ची होती आत. मागच्या खोलीत."

आई माझ्याकडे बघत राहिली. डाव्या डोळ्यात धुकं, उजव्यात जरा कमी. मग ती हसायला लागली, ते मोडतानाचं हसणं. "अगं, ती तर दरवेळी असते."

"कुठे दरवेळी?"

"सगळ्यात. बंदरावर होती, गोदामाच्या आत. मर्व्हच्या लग्नाच्या चर्चमध्ये होती. चार तुकडे तर लागतात."

"माझ्या वाचनालयात?"

"तुझ्या टेबलाच्या मागे, पुस्तकांच्या गाडीजवळ. तिथून तू दिसायचीस." तिने चिठ्ठी पुढ्यात ओढली. "तूच मोडलंस की ते. मला वाटलं, बघितली असशील, बोलली नाहीस. तुझा स्वभाव."

मी बघितली नाही. बारा वर्षांपूर्वी माझ्याच हाताने मी ती सुटी केली असणार. मी वरून मोडत येते, रंग बघत. मला एवढंच आठवतं की दरवर्षी शेवटी थोडे हिरवे तुकडे निघायचे आणि मी ते हिरव्याच्या कप्प्यात टाकायचे. ते काय होते असं मी एकदाही विचारलं नाही. सुटं झाल्यावर कुठलाच तुकडा कशाचा होता हे सांगत नाही.

"म्हणजे जाणार नाहीस राहायला?" मी पुन्हा विचारलं. एवढं झाल्यावरही मला तेच हवं होतं.

"तिथे उन्हाळ्यात चाळीस डिग्री. माझ्या विटा मऊ पडतील," आई म्हणाली आणि चिठ्ठी लिहायला लागली. हे उत्तर होतं की नाही, मी अजून ठरवते आहे. तुमचं काही ठरलं असेल तर मला सांग. ठरलं नसेल तरी सांग.

चिठ्ठी चिकटवून झाल्यावर ती म्हणाली, "टीगनला यातलं काही कळवू नकोस. मी सांगेन, विमानात फेकाफेक करतात म्हणून मीच सुटं करायला लावलं."

"बरं," मी म्हटलं.

"आणि तसं बरंच झालं. तिथे गेल्यावर आम्ही दोघी मिळून बांधू. मला दिसत नाही तेवढं ती बघेल. दहा दिवस आहेतच."

आम्ही दोघी मिळून. आईने आजवर कुणालाही बांधताना शेजारी बसू दिलं नाही, टीगन. मला नाही, बाबांना नाही. तुलाही नाही. आता तू बसशील. तिच्या बोटांना लागेल तो तुकडा तू हातात देशील आणि ती कदाचित बोलेलही. हे तुला मी दिलं. जे मला कधी मिळालं नाही ते मी एका दुपारीत, एकही तुकडा न तोडता, रंगाप्रमाणे पिशव्यांत भरून तुला पाठवते आहे. मला याचं हसू यायला हवं. येईल कधीतरी.

तर आई जे सांगेल ते ऐकून घे, आणि तुला खरं माहीत आहे असं तिला दाखवू नकोस. ती माझ्यासाठी खोटं बोलते आहे, आणि तसं वाचनालयानंतर ती माझ्यासाठी पहिल्यांदाच काही बांधते आहे असं मला वाटतं. पण तुझ्याशी ते खोटं मला चालवायचं नाही. सोडून देता आलं असतं, म्हणूनच लिहिते आहे.

कामाच्या गोष्टी. जुन्या राखाडीच्या पिशवीला लाल दोरा बांधलाय, नव्या राखाडीच्या पिशवीला काही नाही. छप्पर नव्या राखाडीत करा. जुनी आत वापरा, जिथे दिसत नाही तिथे, पण जास्त ओझं येईल अशा जागी नको, पकड सैल आहे. आईने विचारलं "ही सगळी एकच ना?" तर हो म्हणू नकोस, आधी उजेडात धरून बघ. जांभळी फुलं मोजून एकशे अठरा आहेत. दात वापरू नकोस.

हिरव्या पिशवीत मात्र चार तुकडे कमी भरतील. ते खोक्यात नाहीत, या पाकिटात आहेत, कापसात गुंडाळून. आठ तारखेपासून माझ्या कोटाच्या खिशात होते. वाचनालयात बसल्या बसल्या मी ते जोडायचे आणि सुटे करायचे. ठेवून घ्यायचे होते. आईने अजून विचारलं नाही, पण मागची खोली बांधायला घेतली की विचारेल. एक हात जरा तिरका बसवायचा असतो, तिला विसरायला झालं तर तू आठवण कर.

आणि घर झाल्यावर ठेवायचं असेल तितके दिवस ठेव. ते तुझंच आहे. पण कधी मोडायची वेळ आली, तर तू हात लावू नकोस. मला कळव, मी येईन. थर्मास मी आणेन. या वेळी आतून सुरुवात करेन.

आईचा डोळा सांभाळ.

तुझी, अजून पूर्ण बरी न झालेली,
नॅरेल